बावीस फळ्यांची वाट

सूतभर हे काही आईबापाने ठेवलेलं नाव नव्हे. ते कारखान्यातल्या लोकांनी ठेवलं आणि असं चिकटलं, की पोस्टमनसुद्धा पाकीट हातात धरून "सूतभर कुठे राहतात हो?" असंच विचारायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा माणूस पस्तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात फिटर होता. एका भागात दुसरा भाग बसवायचा, हे काम. खरं तर त्या कामात सूत म्हणजे उघड्या दारासारखी फट; पण रागावला की त्याच्या तोंडात तेच माप यायचं. कुणी म्हणालं, "बसलंय की, चालतंय," की हा चष्मा कपाळावर चढवणार आणि म्हणणार, "सूतभर हलतंय. काढ."

मुलीचं लग्न ठरवायला गेला तेव्हाची गोष्ट तर मी शंभर वेळा सांगितली असेल, पुन्हा सांगतो. मुलाचा पगार किती, शिक्षण किती, काही विचारलं नाही. चहा झाल्यावर उठला आणि खिशातून टेप काढून त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागला. खाली येऊन म्हणतो, "मुलगा चांगला आहे. सातवी पायरी सूतभर उंच आहे, तेवढं माझ्या मुलीला सांगून ठेवा." मुलाचे वडील आधी चिडले. मग त्यांनीच मोजली, आणि निघाली की हो उंच! त्या घरात आयुष्यभर सगळे त्याच पायरीवर ठेचकाळत आले होते आणि आपल्या चालीला दोष देत होते.

असा माणूस. मी त्याच्या भिंतीला भिंत लावून एकवीस वर्षं राहिलो, म्हणून हे लिहिण्याचा हक्क मला आहे असं मी समजतो.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शिंप्यासाठी घरी काज-बटणाचं काम करायच्या. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली. एकदम नाही. आधी सुईचं भोक दिसेना, मग भिंतीवरचं घड्याळ, मग नवऱ्याचा चेहरा. तीन वर्षांत दोन्ही डोळे गेले. त्यावर रडणं वगैरे त्यांनी काय केलं असेल ते दार लावून केलं असेल. बाहेर आल्या त्या विनोद करतच. मी एकदा अंगणातून न बोलता चाललो होतो, तर म्हणाल्या, "भावजी, चोरासारखे जाऊ नका, तुमच्या चपला तुमच्याआधी बोलतात."

घरभर त्या एकट्या फिरायच्या. मात्र जमिनीवर होत्या गुळगुळीत चकचकीत फरश्या. इथून तिथपर्यंत सगळ्या एकसारख्या, पायाला काही कळायचं नाही. एकदा खोलीच्या मधोमध दिशा चुकली, ओल्यावर पाय पडला आणि मनगट मोडलं.

लेक आली. ती दुसऱ्या गावी असते, तोलून बोलणारी मुलगी. प्लास्टर घातलेला हात बघून म्हणाली, "बाबा, आता आईला मी नेते."

"मी कुठे जाणार नाही," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या घरात मी पाहुणी. प्रत्येक वेळी कुणाचा तरी हात धरून मोरीत जायचं? इथे मी माझी जाते."

"जातेस आणि पडतेस."

"एकदा पडले."

"ठीक आहे," लेक म्हणाली, "पण पुन्हा पडलीस तर मी विचारायला थांबणार नाही. बाबा, तुम्हीही ऐकून ठेवा."

सूतभर टेप काढून खोली मोजत होता. पंधरा बाय दहा.

आठवड्याभराने आम्ही तिघे लाकडी फरशीच्या दुकानात. सूतभरला लाकूड का सुचलं? तर लाकूड गार पडत नाही, ओल्या पायाखाली फरशीइतकं निसटत नाही, आणि स्वतः बसवता येतं. मिस्त्री बोलावणं त्याला कमीपणाचं वाटायचं. दुकानदार तरुण, तोंडाने गोड. त्याने पाच-सहा नमुने काढले आणि सवयीने म्हणाला, "काकू, हा अक्रोडी रंग बघा..." आणि जीभ चावली.

"बघते ना," वहिनी म्हणाल्या, "खाली ठेव."

चपला काढून त्या अनवाणी पहिल्या नमुन्यावर उभ्या राहिल्या. टाच आपटली. "हे पोकळ वाजतंय. आणि गार आहे. लाकडाचा फोटो आहे का हा?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. "लॅमिनेट आहे काकू. वर छापलेला थर असतो."

"मग भिंतीवर लाव की. पुढचं."

पुढची फळी खरी होती, पण आरशासारखी चकचकीत. "ह्याच्यावर माशीसुद्धा घसरेल." तिसरीवर मात्र त्या थांबल्या. पाय पुढे नेला, मागे आणला, आडवा फिरवला. ती ओकची होती. पॉलिश मंद, वरून तारेचा ब्रश मारलेला, त्यामुळे लाकडाचे रेशे किंचित उठलेले.

"हे लांबीला मऊ लागतं आणि आडवं खरखरतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे माझं तोंड कुठल्या दिशेला आहे ते मला कळेल."

दुकानदाराला हुरूप आला. म्हणाला, "पॉलिश कारखान्यातूनच होऊन येतं, सात थर. घरी घासायचं नाही, रंगवायचं नाही, वास नाही. आज बसवा, उद्या चाला. फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत, बस. खाली फोम अंथरायचा, वर फळ्या नुसत्या टेकलेल्या. जमिनीला खिळा नाही की गोंद नाही."

"आणि ह्या कडा अशा उतरत्या का?" सूतभर नखाने चाचपत म्हणाला. "दोन फळ्यांच्या मध्ये खाच दिसते."

"काका, आधीच पॉलिश झालेलं असतं ना, बसवल्यावर वरून घासून सपाट करता येत नाही. केसभर वरखाली झालं तरी दिसू नये म्हणून."

"म्हणजे चूक लपवायची सोय."

"असू दे हो," वहिनी मध्येच म्हणाल्या. त्यांचा अंगठा त्या खाचेतून चालला होता. "मला रेघ मिळते."

आणि तिथेच, दुकानाच्या मधोमध अनवाणी उभ्या राहून, त्यांनी आपल्या घराचा नकाशा ठरवला. फळ्या आडव्या टाकायच्या, पलंगापासून समोरच्या मोरीच्या दारापर्यंत. म्हणजे पलंगावरून उतरलं की अंगठा खाचेत घालायचा आणि सरळ जायचं. आणि स्वयंपाकघराकडे जाताना फळ्या ओलांडत, खाचा मोजत जायचं.

दुकानदार म्हणाला, "काकू, पण खिडकीतून उजेड ज्या दिशेने येतो त्या दिशेने फळ्या लावतात. दिसायला छान दिसतं."

"उजेड तुझा तुला ठेव," वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो. दुकानदार पण.

मग तो जरा गंभीर झाला. सूतभरला म्हणाला, "आडव्या लावणार म्हणजे पंधरा फुटांत छत्तीस फळ्या शेजारी शेजारी येणार. लाकूड लांबीला फुगत नाही काका, रुंदीला फुगतं. प्रत्येकीने केसभर अंग काढलं तरी छत्तीस केस होतात. म्हणून चारी भिंतींपासून अर्धा इंच जागा सोडायची. ह्या पाचरी घ्या, भिंत आणि फळी ह्यांच्या मध्ये घाला, काम झालं की काढा. वर स्कर्टिंगची पट्टी येते, फट दिसत नाही. विसरू नका हं, अर्धा इंच." पैसे देताना पुन्हा म्हणाला, आणि रिक्षात खोकी चढवताना आणखी एकदा.

सूतभरने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. खोकी चार दिवस त्याच खोलीत उघडी ठेवली, लाकडाला घरची हवा लागावी म्हणून. जुनी फरशी पातळी लावून तपासली. फळी खाली सरकावी म्हणून दाराच्या चौकटी खालून कापल्या. फळ्या निवडायला वहिनी बसल्या. दोघं जमिनीवर समोरासमोर. हा एक एक फळी मांडीवर ठेवायचा, त्या तळवा फिरवायच्या. "ही चालेल. हिला गाठ आहे, पलंगाखाली टाका. ही चांगली, ही दाराशी." मी चहा पीत बघत होतो. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात ती दोघं एका कामाला कधी बसली नव्हती. लग्नाच्या वेळीसुद्धा एवढी खुशीत दिसली नसतील.

दुसऱ्या दिवशी बसवायला सुरुवात. फळ्या धरायला मी. रबरी हातोडीचा ठोका, आणि टक् करून जीभ खाचेत. काम देखणंच होत होतं. पण पहिली ओळ भिंतीला टेकवताना पाचरींची पिशवी तशीच बंद.

"अरे, त्याने अर्धा इंच सांगितलंय," मी म्हणालो.

"अर्धा इंच म्हणजे किती?"

"चार सूत."

"हं. मी पस्तीस वर्षं लोकांना सूतभर फटीसाठी काम उकलायला लावलं. आता स्वतःच्या घरात चार सूत सोडू? आणि वर लाज झाकायला पट्टी मारू?"

"अरे, पण लाकूड फुगतं म्हणतो तो."

"नवशिक्या लोकांसाठी सांगतात ते. त्यांचं कापणं वाकडं येतं, म्हणून फट सोडून पट्टीखाली लपवतात. आणि हिच्या काठीचं टोक अडकलं त्या फटीत तर?"

काठीचं ऐकलं आणि मी पुढची फळी उचलून दिली. मला ते पटलंही, खोटं कशाला सांगू? शेवटची फळी त्याने भिंतीच्या बारीक उंचवट्यांप्रमाणे कानशीने घासून घासून बसवली. इकडून तिकडून पोस्टकार्ड जाणार नाही अशी. मग उभा राहून म्हणाला, "ह्याला म्हणतात फिटिंग."

पुढचे दोन महिने त्या घरात जे सुख होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. वहिनींनी काठी कोपऱ्यात उभी केली ती केलीच. अंगठा खाचेत घालून त्या मोरीत जायच्या, आणि पलंगापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत बावीस फळ्या मोजायच्या. आधी मोठ्याने, मग मनात, मग मोजायच्या थांबल्याच; पायच मोजत. चहाचा कप हातात घेऊन न सांडता येत. लेक येऊन बघून गेली. जाताना बापाला म्हणाली, "बाबा, मानलं." सूतभर चार दिवस गल्लीत छाती काढून फिरत होता.

मग पावसाची झड लागली. नऊ दिवस ऊन नाही. खिडक्या बंद, खोलीत दोरी बांधून ओले कपडे वाळत घातलेले. भिंतींना हात लावला तर हात ओला. बुधवारी सकाळी सूतभरने मला हाक मारली, तीही हळू आवाजात. मी गेलो. वहिनी मोरीत होत्या. त्याने जमिनीकडे बोट दाखवलं.

स्वयंपाकघराच्या वाटेच्या मध्यावर, पलंगापासून अकरावी आणि बारावी फळी जिथे मिळतात तिथे, जमीन उठली होती. फार नाही. चादरीखाली कुणी पाय लांब करून झोपावं तशी. पाय ठेवला की खाली जायची आणि काढला की परत वर.

"फुगली," मी म्हणालो.

"दिसतंय मला."

"वहिनींना सांगितलंस?"

"कशाला घाबरवायचं तिला? कळलं तर लेकीला कळेल, लेक उद्या इथे. रविवारपर्यंत झड उघडेल; मग कडेच्या फळ्या काढतो, फट कापतो, आपोआप खाली बसेल. चार दिवसांचा प्रश्न." मग माझा हात धरून म्हणाला, "तूही बोलू नकोस."

मी नाही बोललो. हे मला कुठे तरी लिहायचंच होतं.

त्याने शिवणयंत्र ओढून त्या जागेवर ठेवलं, वजनाने दबेल म्हणून. तर जमीन शेजारी दुसरीकडे उठली. यंत्र काढून टाकलं. मग त्याने दुसरी युक्ती केली. वहिनी उठायच्या आत चहा पलंगाशी नेऊन द्यायचा. "गारठा आहे, तू बस, मी करतो." स्वयंपाकघरातलं सगळं हाच करायला लागला. मोरीकडे त्या जात, ती वाट नीट होती. मधल्या भागात जायचं कारणच त्याने उरू दिलं नाही. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, काय झालंय हो ह्यांना? म्हातारपणी बायको आठवली." आणि हसल्या. लाजल्यासारख्या हसल्या.

शनिवारी तो बारीक दातांची करवत आणायला बाजारात गेला. वीस मिनिटांचं काम. तेवढ्यात वारा सुटला आणि स्वयंपाकघराची खिडकी आपटायला लागली. वहिनी ती लावायला उठल्या. वाट पायांच्या ओळखीची, भीती कसलीच नाही, चाल भरभर. तोवर ती जागा आणखी उठून बाराव्या फळीची जीभ खाचेतून निसटली होती आणि कड उघडी पडली होती.

मी भिंतीपलीकडून आवाज ऐकला. त्यानंतर काहीच आवाज नाही. मी पोचलो तेव्हा त्या कुशीवर पडलेल्या, एक हात जमिनीवरून फिरत होता. चाचपत होता. "भावजी, इथे हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. म्हटलं, "हलू नका."

खुब्याचं हाड. ऑपरेशन, आत सळई. लेक आली, तिने बापाकडे एकदा बघितलं आणि डॉक्टरांशी बोलायला गेली. सूतभर दोन दिवस घरी आलाच नाही, आणि आला तो करवत घेऊनच. दोन्ही टोकांच्या फळ्या उकलल्या, कापल्या, अर्धा इंच फट सोडली, पाचरींची पिशवी उघडून पाचरी घातल्या. मी धरायला होतो. निम्मं काम होतं न होतं तोच मधला उंचवटा आपोआप खाली उतरला. आवाजसुद्धा केला नाही. फक्त उतरला. सूतभर त्याकडे बघत बसला, आणि मग त्याला काय वाटलं कोण जाणे, मळक्या कपड्यांनिशीच मला घेऊन दवाखान्यात निघाला.

लेक उशाशी बसली होती. हा पलंगाशी गेला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "अगं, बसली! एकदम सपाट. पाणी ओतलं तर जागचं हलणार नाही."

वहिनींनी तोंड त्याच्याकडे वळवलं. "काय बसलं?"

"फरशी. उठली होती ना, ती."

"उठली होती? कधी?"

इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, त्याच दिवशी, तेव्हाच. मी मनात म्हणत होतो, म्हण बाबा. पण माणसाने जन्मात खोटं माप सांगितलं नव्हतं. "बुधवारी," तो म्हणाला.

"मी पडले कधी?"

"शनिवारी."

"बुधवारी किती उंच होती?"

"तीन सूत. शुक्रवारी पाच झाली."

वहिनी पांघरुणाची कड बोटांत घेऊन चाळवत होत्या, काजाला टाके घालताना कापड धरायच्या तशी. मग म्हणाल्या, "मोजलीत म्हणजे तुम्ही."

"हो."

"रोज मोजलीत. आणि मला सांगितली नाहीत. मी एक पाऊल बाजूने गेले असते हो. एवढंच करायचं होतं."

"तू घाबरली असतीस, लेकीला..."

"तीन दिवस चहा हातात आणून दिलात. मला वाटलं..." त्यांनी लेकीचा हात शोधला आणि म्हणाल्या, "मला तुझ्याकडे घेऊन चल."

सूतभर म्हणाला, "अगं, आता काही होणार नाही. फट सोडलीय. सगळीकडे अर्धा इंच, वाटलं तर ह्याला विचार."

"लाकडाचं काय, ते फुगणारच," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही पण या तिकडे. नको कोण म्हणतंय?"

तो गेला. घराला कुलूप लावून, दोन पिशव्या घेऊन, त्यांच्या मागून.

चार महिन्यांनी मी भेटायला गेलो. वहिनी चार पायांची काठी घेऊन उभ्या राहायला लागल्या होत्या, पण मला बघून, म्हणजे माझ्या चपला ऐकून, काही बोलल्या नाहीत. सूतभर वाळला होता. त्याने त्यांना खुर्चीतून उठवलं, काठी हातात दिली, आणि स्वतः पुढे चार पावलं उलटा चालत जाऊन म्हणाला, "समोर काही नाही. ये."

समोर खरंच काही नव्हतं. मी बघत होतो ना. कोरी, स्वच्छ जमीन.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. मान जरा कलती केली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "खरंच काही नाही ना गं?"

सूतभर हात पुढे केलेला तसाच उभा. आत नळ चालू होता; तो बंद झाला.

"काही नाही आई, ये," लेक आतून म्हणाली.

तेव्हा त्यांनी पहिलं पाऊल टाकलं.